सामाईक भिंतीचं घर

आता आपण मावळातल्या जुन्या घरांकडे वळू. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे रेल्वे सुरू झाली, १८६३ मध्ये बोरघाटातला लोहमार्ग पूर्ण झाला आणि लोणावळ्याचं रूप पालटलं. अशा वाढत्या गावांच्या पेठांत घराला घर लागून असायचं आणि मधली भिंत दोघांची. त्यात जागाही वाचे, दगडही. छपरावर पुढे मंगळुरी कौलं आली. बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना १८६५ चा.

मग बंगल्यांच्या या गावात असं घर आज स्वस्त का मिळतं? पडझड झालेली असते, हे एक कारण. दुसरं कायद्यात सापडतं. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा जिथे लागू झाला, तिथे भाडी सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर रोखली गेली. टंचाईच्या त्या काळात भाडेकरूंना आसरा मिळाला, हे आपण विसरू नये. पण त्या भाड्यात डागडुजीचा खर्च निघेना, तेव्हा मालकांनी हात आखडता घेतला. शिवाय घर विकलं म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही.

म्हणजे असं घर घेताना आपण जुनी नातीही विकत घेतो. मालमत्ता पत्रक आधी पाहावं, भाडेकरू असेल तर त्याच्याशी बोलावं. आणि वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या लोणावळ्यात कौलं उतरवून स्लॅब टाकायचा, तर जुनी भिंत तो भार पेलेल का, हे इंजिनिअरकडून तपासून घ्यावं. शेजाऱ्यालाही विचारावं. त्याचंही छप्पर त्याच भिंतीवर आहे.