सार्वजनिक पैसा आणि अनुदानाची अट : बोले ठरावापासून वस्तीच्या अनुदानापर्यंत

आज कोणत्याही गावात वा शहरात गेलो तर एक फलक हमखास दिसतो. उद्यानाचे सुशोभीकरण, तलावाचा घाट, चौकातील बाके, मुलांची खेळणी, जे काही काम झाले असेल त्याखाली निधीचे नाव असते, रक्कम असते आणि लोकप्रतिनिधीचे नाव तर सर्वांत ठळक असते. एक गोष्ट मात्र त्या फलकावर कधीच नसते, ती म्हणजे हा पैसा कोणत्या अटीवर दिला गेला. अनुदान म्हणजे सरकारची कृपा, अशीच समजूत आपल्याकडे रुजली आहे. वास्तविक अनुदान हे अटीसह दिलेले सार्वजनिक द्रव्य होय. सार्वजनिक द्रव्यातून उभी राहिलेली जागा सर्वांना खुली असलीच पाहिजे, ही अट या देशात आपोआप आली नाही. ती अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांच्या लढ्यातून आली. सार्वजनिक जागेवरील आपला हक्क नेमका कशावर उभा आहे हे कळायचे असेल, तर या अटीचा इतिहास पाहिला पाहिजे.

या इतिहासाची सुरुवात महात्मा जोतीराव फुल्यांपासून करावी लागते. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून नगरपालिकेने त्यांच्या स्वागतासाठी १००० रुपये खर्च करण्याचे ठरवले, तेव्हा विरोधी मत देणारे फुले एकटे होते. मंडईच्या भव्य इमारतीवरील खर्चालाही त्यांचा विरोध होता. गरिबांच्या शिक्षणाची आबाळ असताना हा पैसा शोभेवर का घालवायचा, असा त्यांचा प्रश्न होता. (पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला फुल्यांचे नाव मिळाले. आमच्या इतिहासात असे योग पुष्कळ आहेत.) कर सर्वांकडून गोळा होतो, मग खर्च कोणासाठी होतो? हा प्रश्न सभागृहात उभे राहून विचारण्याची परंपरा फुल्यांनी घालून दिली.

दुसरे पाऊल कोल्हापुरात पडले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली आज्ञा काढून संस्थानातील सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, नदीचे घाट, सरकारी इमारती येथे अस्पृश्यता पाळण्यास मनाई केली आणि अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाही बंद करण्याचा हुकूम दिला. वेगळी शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घ्यायचे, हा त्या हुकमाचा गाभा होता. तथापि ती राजाज्ञा होती. ब्रिटिश मुलखात असा राजा नव्हता. तेथे कायदेमंडळ होते, खाती होती, नगरपालिका होत्या आणि त्या सर्वांच्या आड दडलेला गाव होता.

मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. सार्वजनिक निधीतून बांधलेले वा चालवलेले, अथवा सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यात असलेले सर्व पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गास वापरू द्यावेत, अशी शिफारस त्यात होती. या ठरावातील युक्तिवाद मोठा मार्मिक आहे. तो धर्मशास्त्राशी वाद घालत बसत नाही की सवर्णांच्या दयाबुद्धीला आवाहन करत नाही. पैसा कोणाचा, एवढेच तो विचारतो. पैसा सार्वजनिक असेल तर जागा सार्वजनिक. आणि जागा सार्वजनिक असेल तर तेथे विटाळ चालणार नाही.

सरकारने ११ सप्टेंबर १९२३ च्या आदेशाने हा ठराव अमलात आणण्यास खातेप्रमुखांना सांगितले. स्थानिक संस्थांच्या बाबतीत मात्र भाषा बदलली. कलेक्टरांनी आपापल्या हद्दीतील संस्थांना या शिफारशीचा विचार करण्याचा सल्ला द्यावा, इतकेच सांगण्यात आले. जेथे विटाळ प्रत्यक्ष पाळला जात होता, त्या तळ्यावर आणि विहिरीवर हुकूम पोचला नाही, सल्ला पोचला. आणि सल्ल्याने तळी उघडत नसतात.

बोले यांना हे लवकरच कळून चुकले. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी कायदेमंडळात दुसरा ठराव मांडला. ज्या नगरपालिका व स्थानिक संस्था १९२३ चा ठराव पाळणार नाहीत त्यांना सरकारने अनुदान देऊ नये, अशी ही मागणी होती. स्थानिक स्वराज्य संस्था स्वायत्त आहेत, त्यांच्यावर सक्ती कशी करावी, हा जो बचाव होता त्याला हे नेमके उत्तर होते. स्वायत्तता हवी तर ठेवा, परंतु सरकारी तिजोरीतून पैसा घ्यायचा असेल तर तिजोरी भरणाऱ्या सर्वांना त्या जागेवर येऊ द्यावे लागेल. अनुदान हे समतेचे हत्यार होऊ शकते, हा विचार आपल्या प्रांताच्या कायदेमंडळात इतक्या स्पष्टपणे मांडला गेला त्याला आता शंभर वर्षे होत आहेत.

हाच विचार पुढे दुसऱ्या खंडातही कायदा झाला. अमेरिकेतील निग्रो जनतेच्या लढ्याशी दलित साहित्याने आपले नाते फार पूर्वी सांगितले आहे. तेथील १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या भागाने, वर्णभेद पाळणाऱ्या कार्यक्रमाचे केंद्र सरकारी साहाय्य थांबवण्याची तरतूद केली. आणि ती का लागली, हेही तेथील इतिहासच सांगतो. माँटगोमेरी शहरातील उद्यानांतल्या वर्णभेदाला न्यायालयात आव्हान दिले गेले, तेव्हा त्या शहराने काळ्यांना आत घेण्याऐवजी १९५९ मध्ये सारी सार्वजनिक उद्यानेच बंद केली. ती १९६५ पर्यंत बंद राहिली. आपली मुले झोपाळ्यावाचून राहिली तरी चालतील, पण काळ्यांची मुले त्या झोपाळ्यावर बसता कामा नयेत, ही ती वृत्ती! आम्हांला ती अपरिचित नाही. आम्ही ती महाडला पाहिली आहे.

महाडच्या नगरपालिकेने बोले ठरावाला अनुसरून जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांस खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे उघडले, काठावर मात्र ते बंदच राहिले. मार्च १९२७ मध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली तेव्हा मंडपात पाणी पुरवण्यासाठी ४० रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले, अशी चरित्रकारांची नोंद आहे. या ४० रुपयांचा विचार करावा. ज्या तळ्यावर आपला कायदेशीर हक्क आहे त्याच्या गावात आपण पाणी विकत घेतो! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्यानंतर हल्ले झाले. मग १०८ घागरी पाणी उपसून, गोमूत्र, शेण, दूध, दही यांनी तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. डिसेंबरच्या परिषदेला तर महाडात जागाच मिळेना. शेवटी फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली खाजगी जमीन दिली. ज्या गावात सार्वजनिक जागा आम्हांला बंद होती, तेथे एका माणसाची खाजगी जागा आमच्यासाठी सार्वजनिक झाली.

प्रतिपक्ष न्यायालयात गेला, तोही जागेच्या मालकीचाच मुद्दा घेऊन. तळे सार्वजनिक नाही, स्पृश्यांच्या मालकीचे आहे, आणि अस्पृश्यांना ते बंद ठेवण्याची रूढी प्राचीन काळापासून चालत आली आहे, असा त्यांचा दावा होता. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला. तथापि हा निकाल नीट वाचला पाहिजे. अशी प्राचीन रूढी सिद्ध झालेली नाही, एवढेच न्यायालयाने ठरवले. ती सिद्ध झाली असती तर ती अन्याय्य म्हणून टाकून द्यावी की काय, या प्रश्नात न्यायालय शिरले नाही. विजय मिळाला, परंतु तत्त्व अधांतरी राहिले.

ते तत्त्व बाबासाहेबांनी संविधानात पक्के केले. अनुच्छेद १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांचा उल्लेख आहे. त्या पूर्णतः वा अंशतः राज्याच्या निधीतून राखलेल्या असोत किंवा जनतेच्या उपयोगासाठी समर्पित असोत, तेथे धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून मज्जाव करता येत नाही. यातील 'अंशतः' हा शब्द महत्त्वाचा आहे. सरकारी निधीचा काही वाटा लागला तरी पुरे. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी नागप्पा यांनी विचारले की या जागांत स्मशानभूमी येते काय? बाबासाहेबांनी सांगितले की ती सार्वजनिक निधीतून राखलेली असेल तर येते, आणि मग तेथे प्रत्येकाला अंत्यसंस्काराचा हक्क आहे. मात्र जेथे अशी सार्वजनिक स्मशानभूमीच नाही तेथे कोणाला हक्क सांगता येणार नाही, हेही त्यांनी त्याच उत्तरात स्पष्ट केले. १९२३ चा युक्तिवाद असा मरणापर्यंत पोचला.

आता अटीचे काय झाले ते पाहू. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्यात आणि त्याचेच १९७६ मध्ये कडक करून नाव बदललेल्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात कलम ९ आहे. सरकारी जमीन वा पैसा घेणाऱ्या प्रार्थनास्थळाचा, आणि १९७६ पासून शिक्षणसंस्थेचा वा वसतिगृहाचाही, व्यवस्थापक किंवा विश्वस्त या कायद्याखाली दोषी ठरला तर सरकार ते अनुदान थांबवू शकते अथवा परत घेऊ शकते. बोले यांची मागणी अशी अर्धी कायद्यात आली. अर्धी म्हणण्याचे कारण असे की १९२६ चा रोख नगरपालिका आणि स्थानिक संस्था यांच्यावर होता, आणि या कलमात नेमक्या त्याच नाहीत. वर्गात हा भाग शिकवताना एखादा विद्यार्थी विचारतोच, ''सर, मग विहीर बंद ठेवणाऱ्या ग्रामपंचायतीचे अनुदान कोणत्या कलमाने थांबवायचे?'' कलम ९ त्याला उत्तर देत नाही.

अट अशी बाजूला राहिली आणि अनुदानाचा ओघ दुसरीकडून सुरू झाला. १९७० च्या दशकात महाराष्ट्रात दलित वस्ती सुधार योजना आली. पुढे तिचे नाव बदलले. २०११ च्या शासननिर्णयाने वस्तीच्या लोकसंख्येनुसार २ लाखांपासून २० लाख रुपयांपर्यंत टप्पे ठरवले. पाणी, गटार, अंतर्गत रस्ता, दिवाबत्ती, समाजमंदिर ही कामे त्यातून होतात. या योजनेला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. चिखलातून शाळेत गेलेल्या आणि घरातला पहिला पदवीधर झालेल्या माणसाला वस्तीतल्या फरशीची किंमत कळते. परंतु इतिहासाचा अभ्यासक म्हणून एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. बोले ठराव गावाचे तळे आमच्यासाठी उघडायला निघाला होता. वस्तीच्या अनुदानाने आमच्यासाठी वेगळा नळ, वेगळे समाजमंदिर, कोठे कोठे वेगळी स्मशानशेडही बांधली. पैसा आला, पण गावकूस जागच्या जागी राहिले. किंबहुना सरकारी खर्चाने ते अधिक पक्के झाले. गावचे सभागृह 'गावाचे' आणि समाजमंदिर 'त्यांचे' असे गाव सहज बोलून जातो, कारण आता 'त्यांना' त्यांचे मिळाले आहे!

हा धोका बाबासाहेबांनी फार आधी ओळखला होता. १४ नोव्हेंबर १९३२ रोजी बोटीवरून ठक्करबाप्पांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी अस्पृश्यता निवारण संघाला सुचवले की नागरी हक्कांची मोहीम गावोगाव चालवावी, म्हणजे गावची विहीर, गावची शाळा, गावची चावडी, सार्वजनिक वाहने अस्पृश्यांना प्रत्यक्ष वापरता आली पाहिजेत. यातून संघर्ष होईल, हे त्यांनी लपवले नाही. संघाने तो मार्ग धरला नाही. पुढच्या काळात वेगळ्या विहिरी खणण्याचे काम 'हरिजन सेवा' म्हणून गौरवले गेले. वेगळी विहीर तहान भागवते, माणुसकीचा प्रश्न मात्र तसाच ठेवते.

आज शहरांतही हाच प्रश्न वेगळ्या वेषात उभा आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) बारावी अनुसूची जोडली आणि उद्याने, बागा, क्रीडांगणे हे विषय नगरपालिकांच्या कामांत आणले. २०१५ मध्ये ५०० शहरांसाठी सुरू झालेल्या अमृत योजनेतही हिरव्या जागा व मुलांची उद्याने यांचा समावेश होता. शहरातील बागेच्या दारात आज कोणी जात विचारत नाही, हे खरे. पण बाग कोठे होते? झोपडपट्टीच्या कडेला की तिच्यापासून दूरच्या सोसायट्यांच्या पुढे? प्रवेशशुल्क किती? दारावरचा रखवालदार कोणाच्या मुलांना हुसकतो? उघड मज्जाव संविधानाने बंद केला, आता निवड नकाशावर होते. अनुदानाचा प्रस्ताव जेथे तयार होतो त्या टेबलाशी आमचा माणूस नसेल, तर समर्पणाच्या फलकापाशी त्याने कितीही टाळ्या वाजवल्या तरी उपयोग नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी अनुदानाचे कागद वाचायला शिकले पाहिजे. ग्रामसभेत आणि प्रभागात तीन प्रश्न विचारले पाहिजेत. हा पैसा कोणत्या निधीतला आहे? या पैशातून होणारी जागा गावातल्या सर्वांची आहे की गावाच्या एका भागाची? आणि ती जागा कोणाला बंद राहिली तर पुढचा हप्ता कोण रोखणार? तिसऱ्या प्रश्नाला आज कायद्यात पुरेसे उत्तर नाही. ते आणण्याची मागणी नवी नाही. सीताराम केशव बोले यांनी १९२६ साली केलेलीच ती मागणी आहे. स्थानिक संस्थेला दिल्या जाणाऱ्या प्रत्येक अनुदानाच्या आदेशात ती अट लिहिली गेली पाहिजे आणि अट मोडली तर अनुदान थांबले पाहिजे. वस्तीचा रस्ता, दिवा, गटार हा आमचा हक्क आहे आणि तो आम्ही घेऊच. परंतु तो घेताना गावच्या तळ्यावरचा, चावडीवरचा, बागेवरचा आणि स्मशानावरचा हक्क आम्ही सोडून दिला आहे, असा अर्थ कोणी काढू नये. महाडला आमची माणसे वेगळे तळे मागायला गेली नव्हती.