प्रार्थनागृहांतलें गीत आणि विद्यापीठाची शिस्त

दुसऱ्याचें मन दुखावणाऱ्या उच्चाराला विद्यापीठानें थारा द्यावा कीं नाहीं, हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाहीं. १९३८ सालीं तो निजामाच्या राज्यांतील विद्यार्थ्यांपुढें प्रत्यक्ष उभा राहिला, आणि त्यापायीं शेंकडों तरुणांच्या शिक्षणाची वाट मोडली.

त्या काळीं नांदेड किंवा लातूर येथें एकहि महाविद्यालय नव्हतें. मॅट्रिक झालेल्या मुलाला औरंगाबादचें इंटरमीजिएट कॉलेज, नाहीं तर हैदराबादचें उस्मानिया विद्यापीठ गांठावें लागे. १९१८ मध्यें स्थापन झालेल्या या विद्यापीठानें उच्च शिक्षण उर्दूंतून देऊन, देशी भाषेंतून सर्व शास्त्रें शिकवितां येतात हें सिद्ध केलें होतें. परंतु राज्यांतील सभा-भाषणांवर ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमाचा पहारा होता. १९३८ मध्येंच लातूरला महाराष्ट्र परिषदेचें दुसरें अधिवेशन भरलें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत स्टेट काँग्रेसवर, ती रीतसर स्थापन होण्यापूर्वींच, बंदी आली. ऑक्टोबरांत सत्याग्रह सुरू झाला.

अशा वातावरणांत वर्षअखेरीस वसतिगृहांतील हिंदु विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळीं ‘वंदे मातरम्’ म्हणूं लागले. हें गीत राजकीय आहे व दुसऱ्या समाजाच्या भावना दुखावतें, असें कारण देऊन अधिकाऱ्यांनीं मनाई केली. विद्यार्थी हटले नाहींत. तेव्हां त्यांना प्रथम वसतिगृहांतून व मग विद्यापीठांतून काढण्यांत आलें. त्यांपैकीं अनेकांना नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला, कुलगुरु टी. जे. केदार यांनीं त्यांच्यासाठीं दार उघडलें. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे नागपूरला आलेल्या या विद्यार्थ्यांपैकींच एक.

अधिकाऱ्यांचें कारण केवळ सबब होती, असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. गीताच्या उत्तरार्धांतील देवीस्तुति अनेक मुसलमानांना मनापासून खटकत असे. म्हणूनच १९३७ मध्यें काँग्रेसनें स्वतः पहिलीं दोन कडवींच गाण्याचें ठरविलें. मात्र दोन मार्गांतला भेद येथेंच दिसतो. काँग्रेसनें चर्चेनें मुरड घातली. उस्मानियानें शिक्षेनें तोंड बंद केलें. जेथें भावना दुखावल्याचा निवाडा आणि दंड एकाच सत्तेच्या हातीं असतो, तेथें सत्तेला न रुचणारा प्रत्येक शब्द अपमान ठरूं लागतो. शिवाय त्या शिक्षेनें साधलें काय? गीत थांबलें नाहीं. उलट प्रार्थनागृहांतला तंटा राज्यभर गाजला.

तथापि या कथेची दुसरी बाजूहि मराठवाड्यानेंच पाहिली आहे. मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजीं विधिमंडळानें केला, आणि विरोधाच्या आरोळ्यांमागोमाग दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यांत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. नामांतराला विरोध करण्याचा अधिकार कोणासहि होता; शेजाऱ्याच्या घराला आग लावण्यास चिथविण्याचा कोणासहि नव्हता. १९३८ चें गीत कांहींच्या मनाला लागलें. १९७८ चें विष माणसांच्या जिवावर उठलें. या दोहोंना एकाच मापानें मोजणें हा अन्याय होय.

विद्यापीठाची सीमारेषा येथेंच असावी. न पटणारें, झोंबणारें मतहि मांडूं द्यावें व त्यास तितक्याच मोकळेपणानें उत्तर मिळावें. परंतु धमकी आणि चिथावणी यांना मताचा मान देऊं नये. १९५० च्या राज्यघटनेनेंहि भाषणस्वातंत्र्याचा हक्क आणि त्याच्या मर्यादा एकाच कलमांत ठेवल्या आहेत.

त्याच १९५० सालीं स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकारानें नांदेडला पीपल्स कॉलेज निघालें. नांदेड-लातूरच्या मुलांचें आजचें विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ पासून स्वामीजींचेंच नांव धारण करून आहे. स्टेट काँग्रेसचा हा पुढारी बंदी मोडून तुरुंगांत गेला होता. त्याच्या नांवाच्या विद्यामंदिरांत अप्रिय वक्त्याला उत्तर मिळावें, हद्दपारी नव्हे; एवढी अपेक्षा त्या नांवानेंच निर्माण केली आहे.