बॅलेचा पवित्रा

बॅले म्हटलं की चवड्यांवर तरंगणारी, पांढऱ्या झग्यातली नर्तकी डोळ्यांसमोर येते. हे रूप १८३२च्या ‘ला सिल्फीद’नंतर रूढ झालं. त्याआधी इटलीतले दरबार, मग फ्रान्सचं राजघराणं, ही वंशावळ सर्वांना ठाऊक आहे. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे: बॅलेत पावलं बाहेर का वळलेली असतात?

माझं उत्तर आहे, तलवारीमुळे.

१६६१ साली चौदाव्या लुईने नृत्याची अकादमी स्थापन करून तिथे तेरा नृत्यगुरू नेमले. त्या सनदेत नृत्याची थोरवी सांगताना म्हटलंय, की ते शरीराला शस्त्रविद्येसाठी तयार करतं. त्या काळात सरदारांची मुलं तलवार आणि नाच बरोबरीनेच शिकत. १५८९चा आर्बोचा नृत्यग्रंथ पाहा. त्यात तलवारी घेऊन करायचा एक नाच वारांच्या नावांसकट दिलाय, आणि तिरक्या, बाहेर वळवलेल्या पावलांच्या आकृत्याही आहेत. तलवारबाजाच्या पवित्र्यात मागचं पाऊल आडवं असतं. त्याच्याच रेट्यावर तो झेपावतो.

यावर म्हणतात, प्रेक्षक समोर बसू लागले म्हणून पावलं वळली. मला हे पटत नाही. १५८१चा ‘बाले कोमिक द ला रेन’ दिवाणखान्यात झाला, प्रेक्षक तीन बाजूंना होते. आर्बोच्या आकृत्या त्यानंतर आठच वर्षांनी छापल्या गेल्या, म्हणजे प्रेक्षक फक्त समोर बसू लागण्याआधीच पावलं वळली होती. दुसरं मत असं, की उंच टाचा आणि रेशमी मोजे घातलेल्या दरबाऱ्यांना पोटऱ्या मिरवायच्या होत्या. हौस असेलही, पण लुईच्या लाल टाचा आर्बोनंतर कित्येक दशकांनी आल्या.

माझ्या बाजूचा कच्चा दुवाही सांगतो. तलवारबाजाचं एकच पाऊल वळतं, बॅलेत दोन्ही वळतात. ही जोडी लुईचा नृत्यगुरू प्येर बोशांने जुळवली असावी. पावलांच्या पाच स्थिती त्याने बसवल्या, असं १७२५ साली रामो या नृत्यगुरूने लिहून ठेवलंय. बोशांने स्वतः ग्रंथ छापला नाही, म्हणून इथे तर्कच करावा लागतो. नर्तक डावीउजवीकडे सारख्याच चपळाईने जातो, त्याला दोन्ही पाय सारखेच तयार हवेत. शिवाय मांडी खुब्यातून बाहेर फिरवली की पाय बाजूला उंच उचलता येतो. एकदा हा फायदा कळल्यावर वळण वाढतच गेलं; आजचं जवळजवळ सरळ रेषेतलं वळण पुष्कळ नंतरचं.

आणखी एक गोष्ट माझ्या बाजूने आहे. ही पावलं घडवली ती कमरेला तलवार लावणाऱ्या पुरुषांनी. पॅरिस ऑपेराच्या मंचावर पेशेवर नर्तकी आल्या त्या १६८१ साली.