मुलगा की मुलगी : एका शोधाची कथा

लागोपाठ तिसरी मुलगी झाली, की घरातल्या साऱ्यांचे डोळे कुणाकडे वळतात? बाळंतिणीकडे! 'हिच्या पोटी मुलीच,' असे म्हणून लोक मोकळे होतात. पण वाचकहो, हा ठपका कितपत खरा? त्याचे उत्तर मिळायला माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली.

पुरुष बी पेरतो आणि स्त्री म्हणजे नुसती जमीन, ही समजूत फार जुनी. ग्रीसच्या अ‍ॅरिस्टॉटलचेही मत याच धर्तीचे होते. इंग्लंडच्या विल्यम हार्वेने राजाच्या शिकारीतल्या हरिणींचे गर्भाशय तपासले. माजानंतर कित्येक आठवडे त्याला आत काहीच दिसेना! तरीही सर्व प्राणी अंड्यातूनच होतात, असे त्याने १६५१ च्या ग्रंथात मांडले. १६७७ मध्ये हॉलंडमधल्या लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगातून वळवळणारे शुक्रजंतू पाहिले. झाले! पुढे काहींनी त्या जंतूतच इवलासा माणूस बसलेला असतो, अशी कल्पना केली. आई पुन्हा जमीनच राहिली.

१८२७ साली फोन बेअर याला कुत्रीच्या शरीरात खरे स्त्रीबीज सापडले. १८७५ च्या सुमारास ऑस्कर हेर्टविगने समुद्रातल्या एका काटेरी प्राण्याची बीजे काचेखाली धरली आणि नर-मादीच्या बीजांची केंद्रे एकमेकांत मिसळताना पाहिली. आई आणि बाप दोघेही देणारे, हे आता स्पष्ट झाले.

राहिला प्रश्न मुलगा-मुलगीचा. तो सोडवायला मदत केली ती पिठात होणाऱ्या एका क्षुद्र भुंगेऱ्याने! १९०५ मध्ये अमेरिकेतील नेटी स्टीव्हन्स या विदुषीने पाहिले, की मादीच्या पेशीत वीसही गुणसूत्रे मोठी; नरात मात्र एकोणीस मोठी नि एक लहान. त्याच सुमारास एडमंड विल्सननेही स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला. माणसाची गुणसूत्रे ४६ आहेत, हे १९५६ मध्ये नक्की झाले. आई तेवीस देते, बाप तेवीस. त्यांतले आईचे लिंगसूत्र नेहमी 'एक्स'च; बापाकडून 'एक्स' आले तर मुलगी, 'वाय' आले तर मुलगा.

गुरुजी, वर्गात हे सहज दाखवता येईल. आईच्या पिशवीत फक्त चिंचोके घाला. बापाच्या पिशवीत निम्मे चिंचोके, निम्मे खडे. न पाहता दोन्हींतून एकेक काढायला सांगा. दोन चिंचोके आले तर मुलगी. चिंचोका आणि खडा आला तर मुलगा. पोरांना पटकन कळेल, की आईच्या पिशवीत निवडच नाही. आणि बापानेही डोळे मिटूनच हात घातला आहे. म्हणून आईचा दोष काढून तो बापाच्या माथी मारायचा, असेही नव्हे.

हा निकाल गर्भधारणेच्या क्षणीच लागतो. पण सहा आठवड्यांपर्यंत मुलाची नि मुलीची घडण सारखीच असते. तोवर हृदय केव्हाच धडधडू लागलेले असते. पुढे सुमारे अडतीस आठवडे भरले, की बाळ जगात येते.

याच ज्ञानाचा पुढे दुरुपयोगही झाला. गर्भातच मुलगी ओळखून तिला नाहीशी करू लागले. तो थांबावा म्हणून देशात पहिला कायदा केला आपल्या महाराष्ट्राने, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. कायद्याने हात धरता येतो. मन मात्र समजुतीनेच वळते. तेव्हा यापुढे कुणी बाळंतिणीला बोल लावला, तर ती चिंचोक्यांची पिशवी तेवढी पुढे करा.