चांगल्या माणसांनी बांधलेला तुरुंग

फिलाडेल्फियाला जाणारा माणूस लिबर्टी बेल बघतो, अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा जिथे मंजूर झाला ती इमारत बघतो आणि परततो. माझ्या भाच्याने मात्र मला आणखी एका ठिकाणी नेलं. ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी. म्हणजे चक्क तुरुंग! १९७१ साली तो बंद झाला आणि १९९४ पासून तिकीट काढून बघता येतो. बाहेरून तीस फूट उंच दगडी भिंती, बुरूज, अगदी भुईकोट किल्लाच. आत मात्र पोपडे सुटलेल्या भिंती आणि ढासळलेल्या खोल्या. ही पडझड मुद्दामच आहे तशी जपली आहे.

छळाच्या कहाण्या ऐकायच्या तयारीनेच मी आत गेलो. पण मंडळी, ही कहाणी सुरू होते ती दयेपासून.

त्या काळातले तुरुंग म्हणजे एकेक कोंडवाडा. चोर, खुनी, कर्ज बुडवणारे, सगळे एकाच खोलीत. दारू, मारामाऱ्या, रोगराई. १७८७ साली बेंजामिन फ्रँकलिनच्या घरी काही मंडळी जमली, तिथे डॉ. बेंजामिन रश यांनी या विषयावर निबंध वाचला आणि त्याच वर्षी तुरुंग सुधारण्यासाठी एक संस्था निघाली. त्यात क्वेकर पंथाचे लोक बरेच होते. मौनात बसलं की माणसाला आतला आवाज ऐकू येतो, ही त्यांची श्रद्धा. मग कैद्यालाही तीच संधी का देऊ नये? फटके नकोत, साखळदंड नकोत. नुसता एकांत द्या, तो आपोआप पश्चात्ताप करील. पेनिटेन्शरी हा शब्दही पश्चात्तापावरूनच आला आहे.

आणि या लोकांनी खर्चात हात आखडता घेतला नाही हो! जॉन हॅविलंड या वास्तुविशारदाने मधे गोल चौक आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघणाऱ्या सात इमारती, असा आराखडा केला. प्रत्येक कैद्याला वेगळी कोठडी, ऊब यावी म्हणून पाइप, नळाचं पाणी, शौचकूप. १८२९ साली तुरुंग सुरू झाला तेव्हा व्हाइट हाऊसमध्येही नळ नव्हता! छताला उजेडासाठी एक झरोका, वाचायला बायबल, मागे फिरायला स्वतंत्र छोटं अंगण. फक्त माणूस दिसायचा नाही. कोठडीबाहेर न्यायचं झालं तर डोक्यावर टोपडं चढवत. शेजारी कोण आहे हे शेवटपर्यंत कळू नये म्हणून.

पहिला कैदी चार्ल्स विल्यम्स. अठरा वर्षांचा, शेतीकाम करणारा कृष्णवर्णीय मुलगा. वीस डॉलरचं घड्याळ, तीन डॉलरची सोन्याची मुद्रा आणि एक सोन्याची किल्ली, एवढी चोरी. शिक्षा दोन वर्षं. तुरुंगाच्या नोंदीत त्याच्या नाकावरचा व्रणसुद्धा आहे, त्याला वाचता येतं हेही आहे. दोन वर्षांत त्याच्या मनाचं काय झालं, याची नोंद ठेवायला त्या वहीत रकाना नव्हता.

एकांताचं कौतुक आपल्यालाही आहे. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत. पण त्यांना संध्याकाळी डोंगर उतरता येत होता. कडी आतून लावली की एकांत, बाहेरून लावली की कोंडणं. एवढा साधा फरक त्या भल्या लोकांच्या लक्षात आला नाही.

तो चार्ल्स डिकन्सच्या लक्षात आला. १८४२ मध्ये त्याने हा तुरुंग पाहिला आणि लिहिलं, की यामागचा हेतू चांगलाच आहे, पण मनाचा हा छळ शरीराच्या कोणत्याही छळाहून भयंकर आहे. तरी एकांताची ही पद्धत अधिकृतपणे बंद व्हायला १९१३ साल उजाडलं. तोवर या आराखड्यावरून जगभर सुमारे तीनशे तुरुंग उभे राहिले होते. मधे मनोरा आणि त्यातून निघणाऱ्या सात इमारती म्हटल्यावर आपल्याला अंदमान आठवणारच. तिथलं सेल्युलर जेल इंग्रजांनी १८९६ ते १९०६ या काळात बांधलं, त्याच घराण्यातलं. नावातच कोठडी. पण तिथे पश्चात्तापाचं निमित्तही उरलं नव्हतं. राजबंद्यांना एकमेकांपासून तोडायचं, एवढाच हेतू. बाबाराव आणि विनायकराव, दोघे सावरकर बंधू त्याच भिंतींच्या आत होते. दयेतून निघालेली कल्पना सत्तेच्या हाती आयती लागली.

ईस्टर्न स्टेटमध्ये सगळ्यात जास्त गर्दी अल कपोनच्या कोठडीपाशी होते. १९२९-३० मध्ये तो इथे होता. तिथे छान फर्निचर मांडून ठेवलंय, लोक फोटो काढतात. आम्हीही काढला. त्या विल्यम्सबद्दल मात्र पुढे कोणी काही विचारताना दिसलं नाही.

मला सगळ्यात जास्त लक्षात राहिले ते तिथले पाइप. कैद्याच्या सोयीसाठी, त्याला थंडी वाजू नये म्हणून कोणीतरी मायेने घातलेले. कैदी त्यांच्यावर टकटक करून शेजारच्याशी बोलायचे. बोलू नये म्हणून एवढा खर्च करून बांधलेल्या त्या भिंतींमधून लोक बोलतच राहिले. त्यांना नेमकं काय हवंय, हे बांधण्याआधी कोणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतंच की.