भुताचं बिऱ्हाड

मंडळी, आज थोडा भुतांचा इतिहास. एखादं भूत एका देशातून दुसऱ्या देशात हलवायचं, तर सोबत काय काय न्यावं लागतं?

जपानी 'रिंगू' (1998) वरून हॉलिवूडने 2002 मध्ये 'द रिंग' काढला. शापित व्हिडिओ कॅसेट आणि विहीर, दोन्ही उचलून थेट अमेरिकेत नेली. 2004 च्या 'द ग्रज'ची गंमत वेगळी. निर्माता सॅम रायमी, नायिका सारा मिशेल गेलर, भाषा इंग्रजी... पण दिग्दर्शक मूळ 'जु-ऑन'चाच, ताकाशी शिमिझू! त्याने झपाटलेलं घर टोकियोतच ठेवलं आणि अमेरिकन पात्रं तिथे आणून सोडली. कायाकोही तीच, नटी ताकाको फुजी. संशयी नवऱ्याने जिथे मारलं, त्या घराला ती चिकटलेली. साधारण 1 कोटी डॉलरच्या या सिनेमाने जगभरात 18 कोटींच्या वर धंदा केला.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे असं कुठे होतंय? झालंय की! विशाल फुरियांचा 'लपाछपी' जुलै 2017 मध्ये थिएटरात लागला. आठ महिन्यांची गरोदर नेहा (पूजा सावंत) देणेकऱ्यांपासून लपायला नवऱ्याबरोबर उसातल्या एका घरात येते. तिथे तुळसाबाई (उषा नाईक) भेटते. पुढचं सांगत नाही, पण मुळाशी आहे तो जन्माला आलेल्या मुली मारण्याचा प्रकार. 2021 मध्ये फुरियांनीच त्याचा हिंदी 'छोरी' केला, नुसरत भरुचा आणि मीता वशिष्ठ यांना घेऊन. भाषा बदलली, नावं बदलली. ऊस मात्र राहिला.

आम्हा आखाडा बाळापूरकरांना उसाचं काय कौतुक? शेजारच्या वसमतला पूर्णा साखर कारखाना. ऊस म्हटलं की भाव, तोड आणि बिल कधी निघणार, एवढंच डोक्यात. पण वाढलेल्या उसात चार पावलं आत गेलं की बाहेरचं काही दिसत नाही, हेही खरंच. आत काय चाललंय ते रस्त्यावरच्याला कळत नाही.

शिमिझूने घर हलवलं नाही, कारण गुन्हा त्या एका घरातला होता. फुरियांना गोष्ट हिंदीत न्यायला अडचण आली नाही, कारण हा गुन्हा कुठल्याच घराला नवा नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर, प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर टाकला आणि बग तसाच्या तसा आला, तर दोष मशीनचा नसतो.

गर्भलिंग चाचणीवर देशात पहिला कायदा केला तो महाराष्ट्राने, 1988 मध्ये. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे राज्यात मुली 2001 मध्ये 913 होत्या, 2011 मध्ये 894 राहिल्या. ज्या हरियाणाला आपण नावं ठेवतो तिथे 2011 ला 834. आणि आपल्या मराठवाड्यातल्या बीडमध्ये? 807!

असो. 'छोरी' बघून "उत्तरेत चालतं बुवा असलं" म्हणणाऱ्यांनी आधी 'लपाछपी' बघावा. हे भूत तिकडून आलेलं नाही, इथून तिकडे गेलंय.