थरथर ओळखण्याचं शास्त्र

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका असतो फक्त अर्ध्या मिलिमीटरचा आणि त्यावर झाडायची पेलेट साडेचार मिलिमीटर जाडीची. पेलेटची कड ठिपक्याला नुसती शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे मध्यापासून अडीच मिलिमीटरची मुभा. मीटरभर लांब रायफलचं टोक पाव मिलिमीटर ढळलं, की ती मुभा संपली. आणि रायफल धरणारं शरीर तर जिवंत! छाती वरखाली होते, नाडी उडते, पोटऱ्या सारखा तोल सावरत असतात.

म्हणून नेमबाजाच्या शरीर-मनाच्या या अभ्यासात नव्यानं येणाऱ्याला वाटतं, की उत्तम नेमबाज दगडासारखा स्थिर असतो. हा समज उंबऱ्यावरच ठेवून आत यावं, ही माझी विनंती. पडून रायफल झाडताना दंडाला आवळलेल्या पट्ट्यातून नाडीचा ठोका थेट नळीच्या टोकावरच्या माशीपर्यंत पोचतो. जाणता नेमबाज तो थांबवायला जात नाही, तो ओळखतो. श्वास सोडल्यावर पुढचा घेण्याआधी शरीर आपणहून क्षणभर विसावतं, तिथे तो चाप दाबतो. विसावा लांबला तर नजर धूसर होऊ लागते. अशा वेळी न झाडता रायफल खाली घ्यायला मोठं धैर्य लागतं, आणि शिकवायला तेच सगळ्यांत अवघड. ठोके मंदावणारी बीटा ब्लॉकर औषधं या खेळात निषिद्ध आहेत. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन पदकं त्यापायी काढून घेतली गेली.

मनाबद्दल बोलताना आपण ‘दडपण’ हा एकच शब्द वापरतो. तो फार ढोबळ आहे. अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्सनं 2004 मध्ये अथेन्सला, सुवर्णपदक हाताशी असताना, शेवटची गोळी शेजारच्या खेळाडूच्या लक्ष्यावर झाडली. चार वर्षांनी बीजिंगला तो पुन्हा आघाडीवर होता. या वेळी नेम पुरता बसण्याआधीच चाप सुटला, गुण मिळाले 4.4 आणि तो चौथा आला. एकच माणूस, एकच क्रीडाप्रकार, दोन्ही वेळा शेवटची गोळी. पण पहिली चूक नजरेची, दुसरी बोटाची. दोन्हींना ‘दडपण’ म्हटलं, की शिकण्यासारखं काही उरत नाही. दडपण शरीरात नेमकं कुठे उतरलं, हा आपल्या अभ्यासाचा खरा प्रश्न.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पडून झाडण्याच्या प्रकारात, विश्वविजेती झाली. स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकचं कांस्यपदक आणलं. दोघंही कोल्हापूर जिल्ह्यातले. तिथल्या मुलांच्या प्रश्नांना मराठीत उत्तरं मिळावीत, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

वाचनाआधी जमलं तर एखाद्या रेंजवर जाऊन या. गोळी सुटल्यावर मुलांची नजर लगेच गुण दाखवणाऱ्या पडद्याकडे धावते. चांगला प्रशिक्षक पडद्यासमोर आडवा उभा राहतो आणि विचारतो, ‘‘न बघता सांग, कुठे लागली?’’